पीडीएफ पुन्हा एजमध्येच उघडते? विंडोजमध्ये डीफॉल्ट ॲप टिकत नसेल तर काय काय तपासायचं

डीफॉल्ट ॲप म्हणजे एखाद्या प्रकारची फाइल किंवा लिंक उघडायला ठरवून दिलेलं ॲप. आधी लक्षणं बघा. तुमचं यातलं नेमकं कोणतं आहे ते ठरवा, कारण वरवर सगळी सारखी दिसली तरी दुखणी वेगवेगळी आहेत.

- पीडीएफवर डबल क्लिक केलं की तुम्ही ठरवलेला रीडर (पीडीएफ वाचायचं ॲप) न उघडता एज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर, उघडतं. बदलून दिलं तर दोन-चार दिवस चालतं, मग परत तेच.
- लिंका क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये उघडत होत्या. विंडोजचं मोठं अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवसापासून एजमध्ये.
- बऱ्याच लिंका क्रोममध्ये उघडतात, पण आउटलुकमधल्या किंवा स्टार्ट मेनूच्या सर्चमधल्या काही केल्या एजमध्येच जातात.
- उजवीकडे खाली सूचना येते: "ॲन ॲप डीफॉल्ट वॉज रीसेट". कुठल्या तरी ॲपमुळे सेटिंगमध्ये गडबड झाली म्हणून विंडोजने ते पूर्ववत केलं, असा तिचा मजकूर.
- मशीन बंद करून चालू केलं की सगळं मूळपदावर.
- ऑफिसच्या संगणकावर रोज सकाळी लॉगिन केलं की कालचा बदल गायब.
- प्रत्येक फाइलला विंडोज नव्याने विचारतं, "ही कशात उघडू?"

मी ज्यांच्याकडे जातो त्यात महा ई-सेवा केंद्रं, सीएंची ऑफिसं, शाळांच्या लॅब आणि घरगुती लॅपटॉप असं सगळं असतं. तक्रारीचं वाक्य ठरलेलं: "तुम्ही करून दिलं होतं, आपोआप बदललं." आपोआप काही बदलत नाही. विंडोज, एखादं सॉफ्टवेअर, ऑफिसचा सर्व्हर किंवा घरातला दुसरा माणूस, यांपैकी कोणीतरी ते बदलतं. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: कधी उलटतं? अपडेटनंतर, रीस्टार्टनंतर, रोज सकाळी, की एखादं ठरावीक सॉफ्टवेअर उघडल्यावर? याचं उत्तर नीट मिळालं तर खालच्या निम्म्या तपासण्या करायची गरजच पडत नाही. माहीत नसेल तर एक-दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा आणि कागदावर वेळ लिहून ठेवा.

"एजमध्ये उघडलं तर बिघडलं काय?" असंही लोक विचारतात. नुसतं वाचायचं असेल तर काहीच बिघडत नाही. पण ई-आधार घ्या. डाउनलोड केलेल्या ई-आधारवर डिजिटल सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह असतं, "व्हॅलिडिटी अननोन". ॲडोबी रीडरमध्ये त्यावर राइट क्लिक करून सही तपासली आणि प्रमाणपत्र विश्वासू यादीत टाकलं की तिथे हिरवी टिक येते. ब्राउझरमधून थेट प्रिंट मारली की प्रश्नचिन्ह तसंच छापून येतं, आणि कागद घेणारा हिरवी टिक मागतो. ई-सेवा केंद्रात दिवसाला ढीगभर ई-आधार निघतात, तिथे प्रत्येक फाइल एजमधून बंद करून रीडरमध्ये उघडायची म्हणजे रांग दारापर्यंत जाते. काही जुने सरकारी फॉर्म तर ब्राउझरमध्ये उघडले की नुसतं "प्लीज वेट" दाखवत बसतात. फॉर्म खराब नसतो, तो उघडणारं सॉफ्टवेअर चुकीचं असतं.

आता तपासण्या. फुकट आणि सोप्या आधी, किचकट नंतर. क्रम मोडू नका.

क्लिक नेमकं कुठे करताय?

पीडीएफ डेस्कटॉपवर किंवा फोल्डरमध्ये आहे आणि तुम्ही तिच्यावर डबल क्लिक करताय, तर विंडोजचं डीफॉल्ट लागू होतं. पण ब्राउझरमध्ये एखाद्या साइटवरच्या पीडीएफवर क्लिक केलं, किंवा डाउनलोडच्या यादीतूनच फाइल उघडली, तर ब्राउझर तुमच्या डीफॉल्टला विचारतच नाही. क्रोम आणि एज दोघांच्याही पोटात स्वतःचा पीडीएफ वाचक असतो, ते तोच वापरतात. बऱ्याच जणांचं डीफॉल्ट मुळात बदललेलंच नसतं. व्हॉट्सॲप वेबवरून आलेली फाइल ते डाउनलोडच्या यादीतूनच उघडत असतात.

खात्री करायला तीच फाइल डाउनलोड्स फोल्डरमध्ये जाऊन उघडा. तिथे ती बरोबर रीडरमध्ये उघडली तर विंडोजला हात लावू नका. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात पीडीएफ डॉक्युमेंट्स, आणि तिथे "डाउनलोड पीडीएफ्स" निवडा. एजमध्येही साइट परमिशन्समध्ये "ऑलवेज डाउनलोड पीडीएफ फाइल्स" असं बटण आहे. यानंतर फाइल आधी डिस्कवर उतरेल. मग ती फोल्डरमधून उघडायची सवय लावून घ्या.

"ऑलवेज" म्हटलं होतं का?

फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, आणि यादीतून थेट रीडरचं नाव निवडलं, तर तो बदल त्या एका वेळेपुरता असतो. ही सगळ्यात जास्त आढळणारी गोष्ट. कायमचं हवं असेल तर ओपन विथच्या यादीत सगळ्यात खाली "चूज अनदर ॲप" आहे, तिथून रीडर निवडून विंडोज ११ मध्ये "ऑलवेज" दाबायचं. विंडोज १० मध्ये त्याच खिडकीत खाली टिक करायचा चौकोन असतो. तो इतका खाली आणि इतका बारीक की लोकांच्या नजरेतून सुटतो.

मॅकवाल्यांसाठी जाता जाता: तिथे राइट क्लिक करून "ऑलवेज ओपन विथ" केलं तरी ते त्या एकाच फाइलला लागतं. सगळ्या पीडीएफसाठी गेट इन्फो उघडून "चेंज ऑल" दाबावं लागतं.

सेट डीफॉल्ट दाबलं, पण पीडीएफ राहिलीच

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स असं जा. खालच्या यादीत क्रोम निवडलं की वर "सेट डीफॉल्ट" हे बटण दिसतं. ते दाबून लोक निर्धास्त होतात. पण हे बटण वेबच्या लिंका आणि एचटीएमएल फाइलींपुरतं आहे. पीडीएफ, एसव्हीजी वगैरे प्रकार ते सहसा आहे तिथेच, म्हणजे एजकडे, सोडून देतं. त्या पानावर खालीपर्यंत जाऊन प्रत्येक प्रकारासमोर कोणाचं नाव आहे ते एकदा डोळ्याखालून घाला.

पीडीएफसाठी सरळ रस्ता असा: डीफॉल्ट ॲप्सच्या पानावर अगदी वर एक शोधायचं खोकं आहे, त्यात टिंब देऊन पीडीएफ ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप करा. सध्या कोणाकडे आहे ते नाव समोर येतं. त्यावर क्लिक करून रीडर निवडा. एज सोडू नका असं आर्जव करणारी चौकट आली तर "स्विच एनीवे" म्हणा.

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हा ब्राउझरसाठीचं हे एकत्र बटणही नव्हतं. एचटीएम, एचटीएमएल, एचटीटीपी, एचटीटीपीएस असं एकेक बसून बदलावं लागायचं. बरीच ओरड झाली, मग मार्च २०२२ च्या अपडेटात बटण आलं. इंटरनेटवर सापडणारे बरेच उपाय त्या मधल्या काळातले आहेत, म्हणून व्हिडिओची तारीख बघूनच मागे लागा.

अपडेटनंतर उलटत असेल तर

मोठं अपडेट झाल्यावर कधीकधी लॉगिन करताच निळं पूर्ण पडद्याचं पान येतं: तुमच्या डिव्हाइसचं सेटअप पूर्ण करू या. खाली "कंटिन्यू" आणि "तीन दिवसांनी आठवण करा". माणूस कामाच्या घाईत असतो, कंटिन्यू-कंटिन्यू करत पुढे जातो. त्यातल्या एका पानावर मायक्रोसॉफ्टने शिफारस केलेली ब्राउझर सेटिंग्ज वापरा असं असतं. तिथे होकार दिला की एज डीफॉल्ट आणि बिंग शोधयंत्र. नकाराचा पर्यायही तिथेच असतो, "डोंट अपडेट युअर ब्राउझर सेटिंग्ज", पण तो वाचायला थांबावं लागतं. गंमत म्हणजे होकार स्वतःच दिलेला असल्याने विंडोजच्या दृष्टीने ही तुमचीच निवड असते, म्हणून कुठलीही सूचना येत नाही.

हे पानच बंद करून टाका. सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स, आणि अगदी तळाशी ॲडिशनल सेटिंग्ज. तिथे वेलकम एक्स्पिरियन्स, डिव्हाइस सेटअप पूर्ण करण्याच्या सूचना आणि टिप्स अशा तीन ओळी दिसतील. तिन्हींच्या टिक काढा. दोन मिनिटांचं काम आहे आणि घरगुती लॅपटॉपवर याच एका गोष्टीने बरीच प्रकरणं मिटतात. मी नवीन मशीन देतो तेव्हा टिक काढूनच देतो.

एज स्वतः उघडल्यावरही वर पट्टी येते, "शिफारस केलेली सेटिंग्ज वापरा". घरात लहान मुलं किंवा आजी-आजोबा तेच मशीन वापरत असतील तर ती पट्टी कोण दाबेल सांगता येत नाही. अशा घरात प्रत्येकाचं वेगळं युजर खातं करून द्या. डीफॉल्ट खात्यागणिक वेगळं असतं, त्यामुळे एकाने दाबलेलं दुसऱ्याला भोवत नाही.

हे सगळं नवं नाही. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं तेव्हा अपग्रेड करताना लोकांची ब्राउझरची निवड पुसली जात होती. त्यावर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी सत्या नाडेला यांना उघडं पत्र लिहिलं होतं.

दोन पीडीएफ सॉफ्टवेअरची मारामारी

प्रोग्रामची यादी उघडा आणि पीडीएफ उघडू शकणारी किती सॉफ्टवेअर आहेत ते मोजा. ॲडोबी रीडर, वर एखादा फुकट एडिटर, स्कॅनरच्या सीडीबरोबर आलेला तिसराच, आणि कोणीतरी चाचणीपुरता टाकून विसरलेला चौथा. यातला प्रत्येक जण उघडताना "मला डीफॉल्ट करा" असं विचारतो, आणि काहींच्या चौकटीत हो ची टिक आधीपासून असते. स्कॅन करायला म्हणून स्कॅनरचं सॉफ्टवेअर उघडलं की डीफॉल्ट गेलं, असं असेल तर चोर हाच.

नको ती काढून टाका. एकच ठेवा, फार तर दोन. दुसरा ठेवायचाच असेल तर त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन डीफॉल्टबद्दलची विचारणा बंद करा. ॲडोबी रीडरमध्ये प्रेफरन्सेस, जनरल, आणि तिथे "सिलेक्ट ॲज डीफॉल्ट पीडीएफ हँडलर" असं बटण आहे. ते दाबलं की तो विंडोजच्याच खिडकीतून निवड करायला लावतो, त्यामुळे नोंद व्यवस्थित होते.

हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने: नवीन सॉफ्टवेअर बसवलं की त्या प्रकारच्या फाइलसाठी विंडोज एकदा पुन्हा "कशात उघडू?" असं विचारतं आणि नव्या नावापुढे "न्यू" असं लिहिलेलं असतं. ते एकदाच असेल तर बिघाड नाही. जुनं निवडा, ऑलवेज दाबा, विषय संपला.

फक्त काही लिंका एजमध्ये जातात

आउटलुकचं उत्तर सोपं आहे. मायक्रोसॉफ्टने २०२३ पासून आउटलुक आणि टीम्समधल्या लिंका तुमच्या डीफॉल्टकडे न बघता एजमध्ये उघडायला सुरुवात केली. आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे लिंक हँडलिंगमध्ये "डीफॉल्ट ब्राउझर" निवडा.

स्टार्ट मेनूच्या सर्चमध्ये काही शोधलं किंवा विजेट्समधली बातमी उघडली तर मात्र भारतात ती एजमध्येच जाणार. या लिंका नेहमीच्या एचटीटीपीएस नसतात. त्यांच्या सुरुवातीला एजचंच नाव जोडलेलं असतं, त्यामुळे डीफॉल्ट ब्राउझरचा तिथे संबंधच येत नाही. पूर्वी एजडिफ्लेक्टर नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर या लिंका पकडून दुसरीकडे वळवायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केली. आता तसल्या आणखी काही युक्त्या फिरतात, पण प्रत्येक अपडेटला त्या मोडतात आणि परत मलाच फोन येतो. मी त्या बसवून देत नाही.

युरोपात चित्र वेगळं आहे. तिथला डिजिटल मार्केट्स कायदा मार्च २०२४ पासून विंडोजला लागू झाला. तेव्हापासून युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या मशीनवर एज काढून टाकता येतं, आणि पुढे विजेट्सच्या लिंकाही डीफॉल्ट ब्राउझर मानू लागल्या. जर्मनी-नेदरलँड्समध्ये गेलेली आपली मुलं विचारतात, "मित्राच्या लॅपटॉपवर होतं, माझ्यावर का नाही?" कारण विंडोज बघतं तो मशीन पहिल्यांदा सेट करताना निवडलेला देश. पुण्यात सेट करून नेलेला लॅपटॉप म्युनिकमध्येही भारतीयच राहतो. तो देश बदलायचा तर पूर्ण रीसेट करावं लागतं, आणि एवढ्यासाठी ते करू नये असं माझं मत.

युरोपातही हे सहज मिळालेलं नाही. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला तिथे ब्राउझर निवडायचं पान दाखवणं भाग पडलं. विंडोज ७ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर, मे २०११ पासून जुलै २०१२ पर्यंत, ते पान गायब होतं. तांत्रिक चूक झाली असं कंपनीने सांगितलं, तरी मार्च २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरो दंड बसला. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर शोधयंत्र निवडण्याची सोय द्यायची तयारी गूगलने दाखवली, पण ते सगळं अँड्रॉइडपुरतं. विंडोजच्या एजबद्दल त्यात काही नाही, तेव्हा त्या जोरावर दुकानदाराशी भांडू नका.

"ॲन ॲप डीफॉल्ट वॉज रीसेट" ही सूचना येते

इथे थोडं आत शिरावं लागेल, कारण याचं कारण कळलं तर पुढची वाट समजते.

तुम्ही निवड केली की विंडोज रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे सगळ्या सेटिंगच्या आतल्या नोंदवहीत, तुमच्या खात्याखाली दोन गोष्टी लिहितं: निवडलेल्या ॲपचं नाव आणि त्याच्यासोबत अक्षरांची एक कोड-खूण. ही खूण तुमच्या खात्याचा ओळखक्रमांक, फाइलचा प्रकार, ॲपचं नाव आणि वेळ यांच्यावरून बनते. विंडोज ७ मध्ये ती नव्हती, कुठलंही सॉफ्टवेअर मागच्या दाराने नाव बदलू शकायचं आणि फुकट टूलबारवाले ते सर्रास करायचे. विंडोज ८ पासून खूण आली. नाव आणि खूण जुळली नाही तर विंडोज समजतं की कोणीतरी परस्पर ढवळाढवळ केली, आणि निवड रद्द करून आपल्या मूळ ॲपला देतं. पीडीएफसाठी मूळ ॲप म्हणजे एज.

म्हणजे सूचना आली की अर्थ असा: एखादं सॉफ्टवेअर सरळ रजिस्ट्रीत लिहितंय. नेहमीचे संशयित तीन. रजिस्ट्री साफ करणारी, "पीसी फास्ट" करणारी सॉफ्टवेअर. जुन्या काळचे पीडीएफ प्रोग्राम. आणि यूट्यूब बघून चालवलेली रजिस्ट्री फाइल. शेवटचा प्रकार २०२४ नंतर वाढला. त्या वर्षीच्या सुरुवातीच्या अपडेटांमधून विंडोजमध्ये एक पहारेकरी ड्रायव्हर आला, जो ब्राउझरच्या आणि पीडीएफच्या नोंदीला बाहेरच्या प्रोग्रामला हात लावू देत नाही. त्यामुळे जुन्या युक्त्या आता "ॲक्सेस डिनाइड" म्हणून थांबतात. मग लोक परवानग्या बदलायला जातात आणि बिघाड वाढवून ठेवतात.

काय करायचं ते याच क्रमाने:

1. क्लीनर, ऑप्टिमायझर, ट्यूनअप अशा नावाचं जे काही असेल ते काढा. विंडोजला त्याची गरज नाही.
2. डीफॉल्ट ॲप्सच्या पानावर तळाशी "रीसेट ऑल डीफॉल्ट ॲप्स" आहे, ते एकदा दाबा. सगळं मायक्रोसॉफ्टकडे जाईल, गाणी-फोटो-ईमेलसुद्धा, हे आधी माहीत असू द्या. आपल्याला तेच हवंय: मोडक्या नोंदी जाऊन पाटी कोरी होते.
3. मशीन रीस्टार्ट करा.
4. आता पीडीएफ, ब्राउझर आणि बाकी जे हवं ते सेटिंग्जमधूनच निवडा.

रीडरच मोडका असेल, म्हणजे अपडेट अर्धवट झालं असेल किंवा काढून परत बसवला असेल, तरी नोंद अनाथ होते. निवडीच्या यादीत रीडरचं नाव कोऱ्या चिन्हासह दिसत असेल तर हेच समजा. ॲडोबी रीडरच्या हेल्प मेनूमध्ये "रिपेअर इन्स्टॉलेशन" आहे, वरच्या चार पायऱ्यांच्या आधी ते करून घ्या.

रीस्टार्ट केलं की सगळंच पुसलं जातं

फक्त डीफॉल्टच जातं, की डेस्कटॉपवर ठेवलेली फाइलही जाते? एक कोरी फाइल डेस्कटॉपवर ठेवून रीस्टार्ट करा.

फाइल गेली तर दोन शक्यता. एक, तुम्ही टेम्पररी प्रोफाइलमध्ये आहात. लॉगिन होताना तशी सूचना येते, पण ती चटकन निघून जाते. तुमचं खरं प्रोफाइल उघडत नाही म्हणून विंडोजने तात्पुरतं दिलंय, आणि बाहेर पडताच ते टाकून देतं. इथे लगेच थांबा. त्यात काम करू नका, फाइली सेव्ह करू नका. हा डीफॉल्टचा बिघाड राहिला नाही, डिस्क खराब होत असल्याचं हे पहिलं लक्षण असू शकतं. दोन, शाळेची लॅब किंवा सायबर कॅफे असेल तर मशीनवर डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं, जे रीस्टार्टला मुद्दाम सगळं मूळ स्थितीत नेतं. लॅब सांभाळणाऱ्या सरांना सांगा, ते कुलूप काढून, बदल करून, परत लावतील.

फाइल राहिली आणि डीफॉल्ट मात्र गेलं, तर नवीन युजर खातं तयार करा, तिथे पीडीएफचं डीफॉल्ट लावा आणि रीस्टार्ट करा. तिथे टिकलं तर दोष तुमच्या जुन्या खात्यात आहे. तिथेही टिकलं नाही तर पूर्ण मशीनला लागू असलेलं काहीतरी आहे: सॉफ्टवेअर, विंडोजच्या फाइली, नाहीतर पुढचा मुद्दा.

ऑफिसच्या मशीनवर रोज सकाळी

कंपनीच्या नेटवर्कला जोडलेल्या संगणकांवर ॲडमिन एक यादी ठरवून देऊ शकतो, कुठली फाइल कशात उघडायची याची. ती यादी प्रत्येक लॉगिनला लागू होते. भाडेकरू रोज आपलं कुलूप लावतो आणि घरमालक रोज सकाळी ते काढून स्वतःचं लावतो, तसं चाललेलं असतं. तुम्ही सेटिंग्जमध्ये जाऊन कितीही वेळा बदला, उपयोग नाही.

सेटिंग्जच्या पानावर काही गोष्टी तुमच्या संस्थेकडून सांभाळल्या जातात अशी ओळ दिसली तर हे जवळजवळ नक्की. आयटीवाल्यांना लिहून कळवा. त्यांच्यासाठी एक निरोप सोबत द्या: त्या यादीत प्रत्येक नोंदीला "सजेस्टेड" असं लावता येतं, म्हणजे ती एकदाच लागू होते आणि नंतर कर्मचाऱ्याची निवड टिकते. बऱ्याच ठिकाणी यादी कोणीतरी वर्षांपूर्वी केलेली असते, करणारा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि त्यात आता मशीनवर नसलेल्या रीडरचं नाव असतं.

आता थांबा आणि माणूस बोलवा

इथपर्यंत सगळं करून टिकत नसेल तर पुढे उरतं ते विंडोजच्या फाइली तपासणं आणि रजिस्ट्रीतल्या नोंदींच्या परवानग्या बघणं. पहिलं काम सिस्टिम फाइल चेकर करतं, कमांडच्या काळ्या खिडकीतून ॲडमिन म्हणून चालवायचं. ती खिडकी आधी वापरलेली असेल आणि बॅकअप घेतलेला असेल तर चालवून बघायला हरकत नाही. दुसऱ्या कामाला हात लावू नका. यूट्यूबवर "ही की डिलीट करा" म्हणतात, ती चुकीच्या जागी डिलीट झाली तर डबल क्लिकने काहीच उघडत नाही.

न थांबता बोलवायच्या वेळा तीन. एक, टेम्पररी प्रोफाइल. दोन, डीफॉल्ट बदलण्यासोबत ब्राउझरचं मुखपृष्ठ आणि शोधयंत्रही अनोळखी नावाचं झालं असेल तर, कारण तो मालवेअर असू शकतो; त्या मशीनवर नेटबँकिंग, जीएसटी, आयकर काहीही उघडू नका. तीन, सीए ऑफिस किंवा ई-सेवा केंद्र असेल तर डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर ज्या मशीनवर आहे ते मशीन. शेवटच्यात घाईने काही काढलं तर सही चालायची बंद होते आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला ते परवडत नाही.

बोलावताना तीन गोष्टी सांगा: कधी उलटतं, कुठली सूचना येते (तिचा फोटो काढून ठेवा), आणि बिघाड सुरू होण्याआधी काय बसवलं होतं. विंडोज १० असेल तर तेही सांगा, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला आहे. समोरचा काही न बघता पहिल्याच वाक्यात "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणाला तर दुसरीकडे दाखवा. आणि "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या संगणकात बिघाड दिसतोय" असा फोन आला तर ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून असे फोन करत नाही. तसंच, मदत केंद्राचा नंबर शोधयंत्रावर सापडला म्हणून अनोळखी माणसाला एनीडेस्कचा (दुरून संगणक चालवू देणाऱ्या ॲपचा) कोड देऊ नका.